पेन्शन आधी, गाव नंतर: राळेगणसिद्धीचं प्रकरण

१९७५ साली लष्करातला एक ड्रायव्हर पेन्शनीला येऊन गावी परतला. वय ३८. लग्न केलेलं नाही, शिक्षण सातवीपर्यंत. गाठीला लष्करातून मिळालेले वीसेक हजार रुपये, आणि पुढे दरमहा येणारी जवानाची पेन्शन. गाव राळेगणसिद्धी, तालुका पारनेर, जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर. माणसाचं नाव किसन बाबुराव हजारे.

पुढचे अण्णा हजारे सगळ्यांना माहीत आहेत. आझाद मैदान, माहितीचा अधिकार, २०११ मधलं जंतरमंतर आणि रामलीला मैदान, टोप्या, टीव्हीचे कॅमेरे. त्या अण्णांबद्दल प्रत्येकाचं मत ठरलेलं आहे आणि ते बदलावं म्हणून मी लिहीत नाही. मला बोलायचंय ते त्याआधीच्या पंधरा-सोळा वर्षांबद्दल, कारण चाळिशीच्या आत नोकरी संपवून आलेल्या माणसाने सार्वजनिक कामात दुसरी कारकीर्द कशी उभी केली, याचं इतकं तपशिलात पाहता येणारं दुसरं उदाहरण माझ्या डोळ्यांसमोर नाही.

हे आत्ता लिहायला कारण आहे. २००१ च्या सुमारास सरकारी बँकांतून लाखभर लोक स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले. ३१ जानेवारी २०२० या एका दिवशी बीएसएनएलमधून सुमारे ७८ हजार लोक पन्नाशीनंतर घरी आले. दर वर्षी हजारो जवान पस्तीस-चाळिशीत पेन्शन घेऊन गावाकडे येतात. यातल्या कितीतरी जणांच्या तोंडी एकच वाक्य असतं: आता समाजासाठी काहीतरी करायचंय. मनापासूनच म्हणतात ते. आणि मग वर्ष-दोन वर्षांत बरेचसे जवान एटीएमबाहेरच्या सिक्युरिटीच्या खुर्चीवर दिसतात, बँकवाले कुठल्यातरी पतसंस्थेत सल्लागार होतात. त्यात कमीपणा काहीच नाही, घर चालवावंच लागतं. पण ‘काहीतरी करायचंय’ ते तसंच राहून जातं, आणि ते का राहतं हे राळेगणच्या गोष्टीत बऱ्यापैकी दिसतं.

थांबलेली वर्षं

या गोष्टीचा जो भाग बहुतेक लोक घाईने ओलांडतात, तिथे मला थोडं रेंगाळायचंय.

१९६५ च्या युद्धात हजारे खेमकरणच्या आघाडीवर होते, ट्रक चालवत होते. ताफ्यावर हल्ला झाला, बरोबरचे जवान गेले, ते वाचले. आपण कशासाठी वाचलो, हा प्रश्न तिथे रुतून बसला. त्याआधीच्या निराशेच्या काळात दिल्ली स्टेशनवर घेतलेली विवेकानंदांची छोटी पुस्तिका हाताशी होती. उरलेलं आयुष्य लोकांसाठी घालवायचं, लग्न करायचं नाही, हे ठरलं.

ठरलं, पण त्यांनी नोकरी सोडली नाही. जवानाला पेन्शन बसायची तर पंधरा वर्षांची सेवा लागते. सेवा अर्धवट टाकून गावी गेलो तर खायचं काय, आणि उद्या कुणापुढे हात पसरावा लागला तर आपल्या शब्दाला काय किंमत राहील, हा हिशेब त्यांनी केला. संकल्प मनात ठेवून हा माणूस पुढे वर्षानुवर्षं ट्रक चालवत राहिला आणि पेन्शनला पात्र झाल्यावरच बाहेर पडला.

मला या प्रकरणातला हा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो. उपोषणांपेक्षाही मोठा. आपल्याकडे त्यागाच्या गोष्टी सांगताना नोकरीवर लाथ मारण्याचा क्षण रंगवून सांगतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, लाथ मारली की काम सुरू होतं. इथे लाथ कुणीच मारलेली नाही. इथे पंधरा वर्षं पुरी होण्याची वाट पाहिली आहे. पुढे राळेगणमध्ये त्यांनी कुणाची भट्टी बंद करा म्हटलं, कुणाला बांध घाला म्हटलं, तेव्हा गावातला एकही माणूस ‘याचं यात काय आहे’ असं विचारू शकला नाही. दोन वेळची भाकरी लष्कराच्या पेन्शनमधून येत होती. राहायला देवळातली खोली होती, सामान म्हणजे अंथरूण आणि ताट. गावाचं त्यांच्यावर काही देणं नव्हतं आणि त्यांचं गावाकडून काही घेणं नव्हतं.

पेन्शन छोटी होती हेही महत्त्वाचं. गावातल्या कुणाहून ते श्रीमंत झाले नाहीत. दाता म्हणून कुणी त्यांच्याकडे पाहिलं नाही, कारण द्यायला फारसं काही नव्हतंच. जे होतं ते एकदाच दिलं.

देवळाचे वासे

त्यावेळचं राळेगण म्हणजे पारनेरच्या पठारावरचं, वर्षाला चारशे-पाचशे मिलीमीटर पावसावर जगणारं गाव. ओलिताखालची जमीन शंभर एकरांच्याही आत. बाकी सगळी बाजरी-मटकी पावसाच्या भरवशावर, तीही पुरायची नाही. माणसं खडी फोडायला, आसपासच्या गावांत मजुरीला जायची. आणि गावात तीस-चाळीस हातभट्ट्या. शेती पिकत नाही तिथे गूळ-नवसागर पिकतं, हा आपल्या दुष्काळी पट्ट्याचा जुना नियम आहे.

गावात संत यादवबाबांचं देऊळ आहे. ते पडायला आलेलं. त्याचं लाकूड लोकांनी काढून नेलेलं, आणि नेलं कशाला, तर भट्ट्यांखाली जाळायला. या एका चित्रात गावाची अवस्था सगळी येते: देवाच्या डोक्यावरचा वासा दारूच्या पिंपाखाली जळतोय.

हजारेंनी लष्करातून मिळालेले ते वीसेक हजार रुपये या देवळाच्या दुरुस्तीला घातले. बस, पहिलं काम एवढंच. ना पाणलोट, ना शाळा, ना व्यसनमुक्ती. देऊळ.

शिकलेल्या माणसाला इथे अडखळायला होतं. गावाला पाणी नाही आणि हा माणूस आयुष्याची पुंजी देवळात घालतो? मीही तिथे थांबून विचार केला. पण गावाच्या बाजूने पाहिलं की उलगडतं. गावाला काय हवं हे बाहेरून आलेल्या माणसाने ठरवलं असतं तर ते एका माणसाचं काम झालं असतं. देऊळ प्रत्येकाचं होतं, त्याची लाज प्रत्येकाला मनातल्या मनात वाटत होती. एकाने स्वतःचे पैसे काढून पहिला दगड बसवल्यावर दुसऱ्याला हात लावल्यावाचून राहवत नाही. लोक श्रमदानाला आले. पोरांचं तरुण मंडळ जमलं. आणि गावाला बसायला, बोलायला, ठरवायला एक जागा मिळाली. पुढच्या प्रत्येक निर्णयाची बैठक याच देवळात झाली. देवळात दिलेला शब्द मोडताना माणूस दोनदा विचार करतो, हेही खरंच.

पट्टा

दारूबंदीचा ठराव त्या देवळातच झाला. बऱ्याच भट्टीवाल्यांनी भट्ट्या आपणहून मोडल्या, ज्यांनी मोडल्या नाहीत त्यांच्या भट्ट्या तरुण मंडळाने फोडल्या. हातभट्टी मुळातच बेकायदा, तक्रार करणार कुठे?

पण पिणारे होतेच. बाहेरगावाहून पिऊन यायचे. त्यांना आधी समज दिली जायची, आणि तरी नाही ऐकलं तर देवळासमोरच्या खांबाला बांधून लष्करातल्या पट्ट्याने मार दिला जायचा. हे अण्णांनी कधी लपवलं नाही. लेकराला कडू औषध पाजणाऱ्या आईचा दाखला ते देत आले.

मला हा दाखला पटत नाही, आणि या प्रकरणाचा अभ्यास करताना हा भाग गाळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. खांबाला बांधलेला माणूस गावातला सज्ञान नागरिक आहे, कुणाचं लेकरू नाही. त्याला शिक्षा द्यायचा अधिकार ना मंडळाला होता, ना पेन्शनर जवानाला. त्याच्या बायकोला दारू सुटल्याचा आनंद झाला असेल, तिच्या अंगावरचा मार थांबला असेल, हे मी नाकारत नाही. पण भर चौकात नवऱ्याला बांधलेलं पाहणाऱ्या पोरांचं काय झालं असेल, हेही डोक्यातून जात नाही.

पहिल्या कारकिर्दीतून माणूस काय काय घेऊन येतो, हे इथे उघडं पडतं. लष्करातून हजारेंनी गाडी चालवण्याचं कसब आणलं, त्याचा गावाला काही उपयोग नव्हता. पहाटे उठणं आणलं, नेमून दिलेलं काम संध्याकाळपर्यंत उरकणं आणलं, पन्नास माणसं एका रांगेत कामाला लावण्याची सवय आणली. श्रमदानात याच्यावरच सगळं चाललं. आणि त्याच पोतडीतून पट्टाही आला. बँकेतून आलेला माणूस सही-शिक्क्याचा आग्रह घेऊन येतो, शिक्षक वर्ग शांत ठेवण्याची सवय घेऊन येतो, साहेब आदेश घेऊन येतो. दुसऱ्या कारकिर्दीत यातलं काय वापरायचं आणि काय घराच्या माळ्यावर टाकून द्यायचं, हे कुणी सांगायला येत नाही.

माथ्यावरून पायथ्याकडे

गावाची सवड आणि एकी आता हाताशी आली होती. तेव्हा पाण्याचं काम सुरू झालं. हा क्रम मला फार बोलका वाटतो. कारण पाणलोटाचं काम तांत्रिकदृष्ट्या अवघड नसतं, माणसांच्या दृष्टीने अवघड असतं. बांध एकाच्या शेतात पडतो आणि विहीर दुसऱ्याची भरते. चराईबंदी केली की शेळ्या असलेल्याचं नुकसान आज होतं आणि गवत सगळ्यांना दोन वर्षांनी मिळतं. एकमेकांवर विश्वास नसलेल्या गावात हे होऊच शकत नाही.

राळेगणला दुष्काळी कामातून बांधलेला एक पाझर तलाव होता. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात असे तलाव जागोजागी झाले, लोकांना हाताला काम मिळावं म्हणून. काम मिळालं, पण पाणी धरून ठेवण्याची हमी कुणी दिली नाही. राळेगणचा तलाव गळका होता. पावसाळा सरला की कोरडा.

पाझर तलावाने पाझरायचंच असतं, नावातच आहे ते. पण कुठे पाझरायचं हा प्रश्न. आपला दख्खनचा पाया काळ्या पाषाणाचा. अखंड कातळात पाणी शिरत नाही. वरच्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत जेवढं मावेल तेवढंच मुरतं, आणि तेच हळूहळू उताराने खालच्या विहिरींना मिळतं. तलावातलं पाणी मुरमात उतरलं तर विहिरी मार्च-एप्रिलपर्यंत तग धरतात. तेच बांधाच्या अंगातून झरझर निघून गेलं तर ओढ्याला लागतं आणि चार दिवसांत गावाबाहेर. दोन्हीला बोलीभाषेत पाझरच म्हणतात, पण एकाने गाव जगतं आणि दुसऱ्याने तलाव बांधल्याचा नुसता फलक उरतो.

लोकांनी श्रमदान करून तो बांध दुरुस्त केला. पुढच्या उन्हाळ्यात तलावाखालच्या विहिरींना पाणी होतं. जाणत्या माणसांनाही उन्हाळ्यात त्या विहिरींत पाणी पाहिल्याचं आठवत नव्हतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलेल्या गावाला मग व्याख्यान द्यावं लागत नाही.

तोवर हजारेंनी विलासराव साळुंखे यांचं काम पाहिलं होतं. साळुंखे इंजिनिअर, पुण्यात स्वतःचा कारखाना चालवणारे. ७२ च्या दुष्काळात त्यांनी पुरंदर तालुक्यातल्या नायगावला पाणलोटाचं काम हाती घेतलं आणि त्यातून पाणी पंचायत उभी राहिली. तिचा नियम साधा आणि कडक: पाणी जमिनीच्या एकरांवर वाटायचं नाही, घरातल्या माणसांवर वाटायचं. माणशी अर्धा एकर भिजेल एवढं. भूमिहीनालाही पाण्यात वाटा. आणि ऊस नाही.

हजारेंनी यातलं पुष्कळ उचललं, आणि ‘हे मी शोधलं’ असा आव आणला नाही. उशिरा सार्वजनिक कामात येणाऱ्याला हे जमायला हवं. आयुष्यभर एका क्षेत्रात मान मिळालेला असतो, नव्या क्षेत्रात कुणाचा तरी शिष्य व्हायला जीवावर येतं. सातवी शिकलेल्या माणसाला ते जड गेलं नाही. आपल्यासारख्या पदव्या मिरवणाऱ्यांना जातं.

मग माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झालं: डोंगरउतारावर समतल चर, त्यावर झाडं आणि गवत, खाली ओढ्या-नाल्यांवर दगडी बांध आणि नालाबांध. सरकारी योजनांचा पैसा वापरला, त्यात श्रमदान घातलं. जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना मनाई केली. विहिरी शेतकऱ्यांनी गटाने केल्या. जिथे शंभर एकरही भिजत नव्हते तिथे पुढे शेकडो एकर बागायत झाली, कांदा आणि भाजी बाहेर जाऊ लागली, दूध वाढलं. मजुरीसाठी बाहेर जाणारं गाव मजूर बोलवायला लागलं.

बाकीचं थोडक्यात सांगतो, कारण एकदा पाणी आणि एकी झाल्यावर ते क्रमाने आलं. १९७९ मध्ये माध्यमिक शाळा निघाली. तिच्या वसतिगृहात नापास झालेल्या मुलांना आधी प्रवेश. शाळांनी नको म्हटलेली पोरं इथे येऊन पास व्हायची. देवळात १९८० पासून धान्यकोश सुरू झाला. ज्याच्याकडे जास्त आहे त्याने धान्य घालायचं, अडल्याने न्यायचं आणि सुगीत थोडं वाढवून परत करायचं. सावकाराच्या दारात जाण्याचं एक कारण संपलं. सामुदायिक लग्नं झाली. दलित कुटुंबांच्या डोक्यावरचं कर्ज फेडायला गावाने त्यांच्या शेतात राबून पीक काढलं. हे शेवटचं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, जरी राळेगणचे फोटो काढणारे लोक नेहमी बांधांचेच काढतात.

खुर्ची

या सगळ्यात हजारे कधी सरपंच झाले नाहीत. राळेगणात ग्रामपंचायत अनेक वर्षं बिनविरोध निवडली जायची. बाहेरच्या पाहुण्यांना हे फार आवडायचं, एकोप्याचं लक्षण म्हणून. मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, खुर्ची न घेतल्यामुळे कुठल्याही गटाला त्यांना प्रतिस्पर्धी मानता आलं नाही. दुसरी, जिथे निवडणूकच होत नाही तिथे ज्याला वेगळं म्हणायचंय त्याने कुठे म्हणायचं? एका माणसाच्या नैतिक वजनावर उभं राहिलेलं गाव त्या माणसाशी असहमत कसं होणार?

याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. त्याच जिल्ह्यात हिवरे बाजार आहे. १९८९ मध्ये एम.कॉम. झालेला तरुण पोपटराव पवार तिथे सरपंच झाला. राळेगण समोर होतंच. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी (झाडं तोडायची नाहीत), चराईबंदी, नसबंदी, श्रमदान अशी पंचसूत्री घेतली, पुढे लोटाबंदी (उघड्यावर शौचाला जायचं नाही) आणि बोअरबंदी धरून ती सप्तसूत्री झाली. पण हिवरे बाजारात जोर ग्रामसभेवर पडला: पाऊस किती, भूजल किती, मग यंदा कोणतं पीक किती घ्यायचं, हे गावाने ताळेबंद मांडून ठरवायचं. राळेगण नसतं तर हिवरे बाजार इतक्या लवकर झालं नसतं, आणि तरी पुढची पायरी शिष्याने चढली. राज्य सरकारने १९९२ मध्ये आदर्श गाव योजना काढली तेव्हा ती आधी अण्णांच्या मार्गदर्शनाखाली चालली, नंतर त्याच कामाची धुरा पवारांकडे आली.

हजारेंना १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाला. १९९१ पासून ते भ्रष्टाचारविरोधी आंदोलनात उतरले आणि गावाबाहेरचं त्यांचं आयुष्य सुरू झालं. ती वेगळी कथा. पण तिचा एक धागा राळेगणच्या देवळासमोरच्या खांबाशी परत येतो, म्हणून तेवढा सांगतो.

दारूचं दुकान बंद करायचा अधिकार गावातल्या बायकांना कायद्याने मिळावा, यासाठी ते सरकारकडे मागणी करत राहिले. आता राज्यात तशी तरतूद आहे. गावातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर राज्य उत्पादन शुल्क विभागाला गुप्त मतदान घ्यावं लागतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. या मतदानाला सकाळपासून रांगा लागतात. कडेवर पोर घेतलेली बाई पडद्याआड जाते, शिक्का मारते, कागदाची घडी घालते आणि पेटीत टाकते. तिने कुठल्या बाटलीवर शिक्का मारला हे गावात कुणालाच कळत नाही, तिच्या नवऱ्यालाही नाही.